बाबांच्या हातातली दोरी

बाबांना होडीत नेलं हीच माझी चूक, सांगते तुम्हाला! वास्कोजवळच्या समुद्रात मी डायव्हिंग शिकत होते. त्या दिवशी दोरी बांधलेला नारिंगी फुगा पाण्याखालून वर सोडायचा होता, म्हणजे होडीवाल्यांना आपण कुठे आहोत ते कळतं. फुगा छान वर गेला आणि लगेच कोणीतरी दोरी खेचायला लागलं! मी दोरीचं रीळच सोडून दिलं आणि हळूहळू वर आले. बघते तर बाबा ओलेचिंब, फुगा मांडीवर.

डायव्हिंगचे सर ओरडत होते, "काका, ओढायची नसते ती! पोरगी झटक्यात वर आली तर जिवावर बेतेल तिच्या!"

बाबा माझ्याकडे वळले. "पाळी गावात विहिरीतला गाळ काढायला मी उतरायचो, तेव्हा माझ्या कमरेची दोरी तुझ्या आईने कधी हातातून सोडली नाही. मग तुझी मी कशी सोडू गो?"