पट्ट्याचं बक्कल

बँकॉकच्या बसमध्ये तिकिटं फाडता फाडता कंडक्टर रम्फाचे कान मागच्या बाकावरच्या एकमेकींना अनोळखी असलेल्या दोन बायकांकडे लागले.

“पोराच्या डोक्याला नऊ टाके पडले, ताई. मारणारी दुसऱ्या टेक्निकल कॉलेजची पोरं होती, कॉलेजा-कॉलेजांचं वैर ना.”

“अगं, कॉलेजचा शर्ट पिशवीत ठेवायचा! माझा पोरगा रोज साधाच शर्ट घालून निघतो.”

“माझाही तसाच गेला होता. मेल्यांनी शर्ट वर करून पट्ट्याचं बक्कल बघितलं. त्यावर कॉलेजची खूण असते ना.”

“आई गं! मारलं कशानं?”

“आपापले पट्टे काढून. त्यांच्या बक्कलांवर वाघ होता.”

“वाघ?”

“हो. का हो?”

“कधी झालं हे?”

“काल दुपारी. ताई, तुमचा कुठल्या कॉलेजात आहे?”

“काल संध्याकाळी... नळाखाली बक्कल घासत बसला होता गं तो.”