फ्रिजला कुलूप आणि समोरचे अण्णा

…आणि नेमकं तिथेच त्या शिंप्याने मशीन सुरू केलं! आता तुम्हीच सांगा, ही काय बोलायची रीत झाली? मी आपली पडद्याचं कापड काखेत मारून त्याच्या दुकानाबाहेर उभी, आणि आत तो गिऱ्हाइकाला सांगतोय, "अहो, पँट द्यायला वर गेलो तर काय बघतो, फ्रिजला साखळी आणि साखळीला कुलूप! सूनबाईंनी लावलंय! आणि म्हातारा बिचारा…" खर्रर्रर्र! म्हातारा बिचारा काय? उपाशी? आजारी? पळून गेला? अरे, वाक्य तरी पुरं कर मेल्या, मग घाल काय ती टीप!

मला काय करायचंय म्हणा!

पण तुम्हाला सांगते, म्हातारा म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणारे अण्णा. अख्खा जन्म कारखान्यात स्टोअरकीपर. नट, बोल्ट, स्क्रू, वंगणाचे डबे, सगळं ह्यांच्या ताब्यात. माणूस सोन्यासारखा. बायको गेली गेल्या वर्षी. घरात मुलगा आणि सून. सून नर्स, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मुलगा फोनच्या कंपनीत रात्रपाळीला, दिवसभर दार लावून झोपतो. म्हणजे एका घरात माणसं तीन आणि जेवणं तीन. आणि अण्णा तर काय सांगू… डोळ्यांदेखत वाळत चाललेले! पँट कमरेत आत घ्यायला दोनदा शिंप्याकडे गेली, म्हणून तर शिंप्याला एवढी माहिती!

आमच्या ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकंसुद्धा वर नाही. "तुला काय करायचंय?" हेच मी म्हणतेय ना! मला काय करायचंय! पण पायाला कळत नाही ना ते, पाय आपोआप समोरच्या दारात जातात.

तसं बघायला गेलं तर कोण कसं जेवतं ह्या विषयात माझा अभ्यास आहे. शाळेत मी फार पुढे गेले नाही, पण आमचा जिना हीच माझी शाळा. खालच्या मजल्यावरचा एकटा पोरगा ओट्यापाशी उभ्याने, पातेल्यातूनच खातो. का, तर ताट घेतलं की ताट घासावं लागतं! त्याच्या वरचं नवीन जोडपं, त्यांचं जेवण आलं की आधी त्याचा फोटो, मग दुसऱ्या बाजूने फोटो, मग ते गार, मग ते गरम करायचं, मग भांडण. टॅक्सीवाले भाऊ उतारू नसेल तेव्हा जेवतात, म्हणजे धंदा वाईट त्या दिवशी पोट भरलेलं, आणि धंदा चांगला त्या दिवशी उपाशी. निवृत्त बाई आहेत, त्यांना जेवणाआधीची गोळी आणि जेवणानंतरची गोळी, मध्ये जेवण म्हणून जागा भरायला काहीतरी. आणि आमचे हे! ऑफिसात एकची सुट्टी होती, म्हणून आज घरी बसूनसुद्धा एक वाजता भूक. घड्याळ बंद पडलं तर उपाशी मरतील! भूक पोटात नसते हो… भूक असते नोकरीत, घरात माणसं किती त्यात, आणि ताट कोण घासणार त्यात!

असो. मला काय करायचंय म्हणा!

तर त्या संध्याकाळी नर्सबाई जिन्यात भेटली. म्हटलं, आडून आडून विचारावं. "काय गं, अण्णा बरे आहेत ना?" झालं! पोरीने पिशवी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदरासारखा रुमाल लावला. "काकू, ते माझ्या हातचं खातच नाहीत हो! पहाटे उठून डबा करते, त्यावर 'अण्णा' लिहून फ्रिजमध्ये ठेवते, आणि संध्याकाळी येऊन बघते तर डबा जसाच्या तसा. विचारलं तर म्हणतात, भूक नव्हती. सासूबाईंची चव मला नाही येत, मी तरी काय करू? रविवारी वन्सं येणार आहेत त्यांना न्यायला. कायमचं. त्यांच्या हातचं तरी खातील."

कायमचं! आता आली का पंचाईत? म्हटलं, "आणि ते कुलूप?" तर लाजली. "ते आमच्या ह्यांच्यासाठी, काकू." म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी! साखर वाढलेली, डॉक्टरांनी दम भरलेला, आणि हा बाबा पहाटे कामावरून आला की फ्रिजपुढे मांडी घालून आईस्क्रीमचा डबा संपवणार! म्हणून साखळी. "आणि किल्ली कुणाकडे?" "अण्णांकडे! त्यांच्याइतका विश्वासाचा माणूस कोण?"

घ्या! किल्ली ज्याच्या कमरेला तोच उपाशी! मला रात्रभर झोप नाही. मला काय करायचंय म्हणा, पण झोप नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटी घेऊन गेले. "अण्णा, वाटीभर दही आहे का हो?" अहो, काय सांगू तुम्हाला, त्या माणसाचा चेहरा असा उजळला, जशी मी लग्नाची बातमीच घेऊन आले! ताठ उभे राहिले. चष्मा लावला. "किती? वाटीभर? कशासाठी?" म्हटलं, "खायला!" "हं." कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दही काढलं, वाटी भरून चमच्याने वरून सपाट केली, आणि फ्रिज लगेच बंद! पण तेवढ्यात मी बघितलं ना… आत डबा! वर 'अण्णा'!

"अण्णा, तो डबा तुमचा ना?"

"माझाच."

"मग खा की!"

"मागितला कुणी?"

"अहो, तुम्हीच मागा!"

माझ्याकडे असं बघितलं, जशी मी त्यांना चोरी करायला सांगितली. "ताई, मीच मागायचं आणि मीच द्यायचं? अशाने स्टोअर बुडतात. मागणारा वेगळा, देणारा वेगळा. उभ्या नोकरीत एक खिळा स्वतःच्या हाताने स्वतःला दिला नाही मी."

आता बोला! अण्णांची बायको होती तोवर ती "जेवायला चला" म्हणायची. झाली मागणी! ती गेल्यावर जेवण टेबलावर झाकलेलं असायचं, तेही चालायचं. पण दोन महिन्यांपूर्वी कुलूप लागलं, किल्ली हातात आली, आणि अण्णांच्या अंगात पुन्हा स्टोअर शिरलं!

मी संध्याकाळी नर्सबाईला सांगितलं. पोरगी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. वन्संना फोन गेला, रविवारचं राहू दे म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने डबा बाहेर टेबलावर ठेवला. अण्णांनी उचलून आत ठेवला, कुलूप लावलं. "माल उघड्यावर टाकायचा नाही." फोन करून मागावं, तर वॉर्डात फोन जवळ ठेवू देत नाहीत. मुलगा दिवसा कुंभकर्ण. राहिलं कोण? मी!

म्हटलं, "अण्णा, मी मागते. अण्णांसाठी डबा द्या." तर म्हणतात, "असं नसतं. ज्याने मागितलं, माल त्याच्याकडे जातो." बरं बाई! "मला द्या!" लगेच दिला, झाकण पुसून! मग मी तो डबा आमच्या घरी नेते, दोन ताटं मांडते, आणि दारातून हाक मारते, "अण्णा, जेवायला चला!" येतात, पण एकटे जेवत नाहीत. "मागणी तुमची, आणि खायचं मी? तुम्हीही बसा." झालं, एकला आमच्या ह्यांच्याबरोबर माझं जेवण, दीडला अण्णांबरोबर माझं जेवण. अण्णांची पँट आता बरोबर बसते. माझं मात्र सगळं घट्ट होत चाललंय!

आणि काल त्या शिंप्याच्या दुकानाशी गेले, तर आत सांगतोय, "अहो, सून देवमाणूस! ती समोरची काकू आहे ना, ती रोज दुपारी म्हाताऱ्याचा डबा घरी नेते आणि बसून खाते!" आणि ह्या वेळी मशीन बंद हो! वाक्य पुरं! अख्ख्या गल्लीने ऐकलं!

साफ खोटं आहे, तुम्हाला सांगते. म्हणजे… डबा नेते, हे खरं. बसून खाते, हेही खरं.

पण निम्माच!