तिसऱ्या शनिवारी बंद पडणारं यंत्र

व्यासपीठावरील माननीय अध्यक्षमहोदय, आदरणीय प्रमुख पाहुणे, संस्थेची विश्वस्त मंडळी, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि आजचे सत्कारमूर्ती, आपल्या शाळेचे कारकून ऊर्फ मशीनमामा! मुख्याध्यापिकाबाईंनी पाच मिनिटांत आटपावं, असं मामांनी मला बजावलंय. निवृत्तीच्या दिवशीही शाळा तेच चालवतात!

मी याच शाळेत शिकले. तेव्हा प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघायच्या. जिन्याखालच्या खोलीत मामा हँडल फिरवायचे आणि ओल्या शाईचा वास आमच्या वर्गापर्यंत यायचा. वास आला की आम्ही घाईघाईने वह्या उघडायचो! मासिक चाचणी तिसऱ्या शनिवारी असे. माजी विद्यार्थ्यांनो, आठवतंय ना? नेमकं त्याच दिवशी यंत्र रुसायचं आणि चाचणी सोमवारवर जायची. काय टाळ्या पिटायचा आमचा वर्ग!

परवा या भाषणासाठी मामांची जुनी फाइल काढली. त्यात तीन मेमो निघाले, 'यंत्राच्या देखभालीत हलगर्जी.' त्यापायी बढती दोन वर्षं लांबली होती. तारखा पाहिल्या आणि मला रडू आवरेना.

आता सांगते ते या सभागृहात मामांखेरीज फार कुणाला ठाऊक नाही. सासूबाई, तुम्हालाही नाही. तिसरा शनिवार तुरुंगातल्या भेटीचा असे. भांडणात माझ्या बाबांच्या हातून एका माणसाचा डोळा गेला. शिक्षा खरी होती, चार वर्षांची. भेटीसाठी शाळेचा दाखला लागे. मामांनी तो टाइप केला आणि कारणापुढे फक्त 'कौटुंबिक' लिहिलं. चाचणीला गैरहजर राहिलं की शून्य मिळे. मला मात्र एकदाही मिळालं नाही.

मैत्रिणींना मी सांगायचे, "बाबा परगावी असतात." लग्न ठरतानाही तेच सांगितलं. अशी वर्षं मागे राहतात का हो? आजही मी स्वतःच्याच केबिनच्या दारावर टकटक करते. कुणी "जरा बोलायचंय" म्हटलं की मी आधी उठून दार लावून घेते.

मामांना काल विचारलं, "मुद्दाम बंद पाडायचात ना?"

म्हणाले, "मशीन जुनं होतं, बाई. शनिवारी त्याला आळस यायचा."

मामा, त्या आळसानेच मला या खुर्चीपर्यंत आणलं.

आपण सर्व आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. इतकी वर्षं बोलले नाही, त्याची माफी मात्र मी सासूबाईंकडे वेगळी मागेन.

आजची तारीख मीच ठरवली. तिसरा शनिवार आहे. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, माझे बाबा बसलेत. त्यांना विचारूनच हे सगळं बोलले. अजूनही कुणी सांगितल्याशिवाय ते जागचे उठत नाहीत. मामा, हार त्यांच्या हातून घ्यायचाय. जरा तिथवर जाऊन त्यांना म्हणा, "चला."