हात आणि डोळा

आखातातल्या सलमाबादच्या शिलाईखान्याला आग लागली, त्या दुपारी सुनंदा नवऱ्याच्या एक्सरेसाठी इस्पितळात ताटकळत होती. मागच्या बाकावर कोणी नवरा-बायको मराठीत बोलू लागले, तसे तिने कान टवकारले.

“रडू नको, जुबैदा. मयत पोरीचा चेहरा ओळखू येत नाही म्हणाले, पण ओढणीला चांदीची पिन आहे. मोरोक्कोच्या त्या बर्बर जमातीच्या फदमाने आईची जोडी फोडून एक आपल्या हिनाला दिलेली, तसली.”

“दोघी एकाच मशीनशी बसायच्या.”

“हिनाच्या पिनेवर काय कोरलेलं?”

“डोळा. नजर लागू नये म्हणून.”

“आणि फदमाच्या?”

“हात. पाच बोटांचा.”

“या अल्ला, डोळा नको.”

शिपायाने पिशवी आणून समोर धरली. पिन काळी पडली होती, पण पाच बोटं स्पष्ट दिसत होती.

“हात आहे! जुबैदा, हात! आपली नाही ही. चल, वॉर्डात शोधू हिनाला.”

“बसा.”

“यल्ला, ऊठ ना!”

“हिनाचे अब्बा, बसा जरा. आपली पोर शुक्रवारी रजेवर गावी निघणार होती ना?”

“मग?”

“काल दोघींनी पिना बदलल्या. प्रवासात हातच राखण करतो, म्हणाली फदमा.”