लाल ठिपक्याचा बल्ब

आधी हेच सांगून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत राहीन आणि तुम्ही हे लिहून घेताय ती वही मिटून निघून जाल. माझ्या प्रयोगशाळेत खडूच्या डबीत टॉर्चचा एक इवलासा बल्ब होता, त्याच्या बुडाशी मी लाल ठिपका दिला होता, आणि तो इतरांपेक्षा मंद पेटतो हे पक्कं ठाऊक असताना दरवर्षी नववीच्या मुलांसमोर मी तो मुद्दाम शेवटच्या जागी लावत असे. कशासाठी, तर माझं म्हणणं खरं दिसावं म्हणून. ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितली नाही.

मी मूळचा कळंब तालुक्यातला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरात शिकलेला मी पहिलाच. यवतमाळला बी.एस्सी. केलं ते वनस्पतिशास्त्र घेऊन, आणि नोकरी लागली ती अशा शाळेत, जिथे पानाफुलांपासून विजेपर्यंत सगळं विज्ञान एकट्यानेच शिकवायचं. भौतिकशास्त्राची मला भीती वाटे, आणि ती भीती झाकायला मी उपमा शोधत असे. सर किती सोपं करून सांगतात, असं गावात नाव झालं. पण उपमा कुठे थांबवायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही शिकून घेतलं नाही.

विजेसाठी मी ठिबक सिंचनाची उपमा घेतली. नळी लांब असली की पहिल्या झाडाला पाणी भरपूर आणि शेवटच्याला जेमतेम, तसंच एका तारेत एकामागे एक तीन बल्ब जोडले की पहिला आपली वीज घेतो आणि शेवटच्याच्या वाट्याला कमी येते. हे साफ चूक आहे, तिन्ही बल्बांतून धारा सारखीच जाते, पण तेव्हा मी ते खरंच मानत होतो. फळीवर तीन बल्ब लावून दाखवले आणि योगायोग असा, की शेवटचा मंदच पेटला. पोरं एकमेकांना म्हणाली, हो ना बे, खरंच.

तेव्हा अनिता उभी राहिली. तांड्यावरून चालत येणारी बंजारा मुलगी, वडील संत्र्याच्या बागेत रखवालीला, रविवारी ही सुई घेऊन ठिबकाची बुजलेली छिद्रं मोकळी करायची. म्हणाली, सर, ठिबकाचं पानी तं झाडाले जाते, वापस विहिरीत येत नाही, अन् ही तार तं फिरून सेललेच लागली हाये, मंग मधात कमी कशी होईन? मग ती म्हणाली, सर, तो शेवटचा बल्ब पयल्या जागी लावून पाहू का?

काय सांगू तुम्हाला, एवढंच करायचं होतं. मी म्हणालो, तुझ्या तांड्यावर लाइट तरी असते का गं, आली मोठी वीज शिकवायला. वर्ग हसला. मीही हसलो. ती खाली बसली, आणि त्या दिवसापासून पोरं तिला विहीर म्हणू लागली, ए विहीर, पानी वापस दे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दार लावून मी बल्बांची अदलाबदल केली. मंद बल्ब पहिल्या जागी लावला, तर तो तिथेही मंदच. म्हणजे जागेचा दोष नव्हताच, बल्बच वेगळ्या जातीचा होता. पोरीचं बरोबर होतं. मी त्या बल्बाला लाल ठिपका दिला तो फेकण्यासाठी, असं स्वतःला सांगितलं, आणि पुढल्या वर्षी तोच शेवटी लावला. दहावीनंतर मुख्याध्यापकांनी अनिताला विचारलं, विज्ञान का नाही घेत बेटा, मार्क तर चांगले आहेत. मी शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, मले ते जमत नाही सर. तेव्हाही मी बोललो नाही.

पुढे प्रयोगाचं नवीन साहित्य आलं, मी खरं ते शिकवू लागलो, पण आधी चूक शिकवलं होतं हे कुणालाच सांगितलं नाही. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. यंदा नववीत श्रावणी नावाची मुलगी आहे. चाचणीत तिने लिहिलं, शेवटच्या बल्बाला वीज कमी मिळते, ठिबकासारखी. मी काट मारली. शनिवारी पालकसभेला तिची आई पेपर घेऊन समोर उभी राहिली, आणि ती अनिता होती.

म्हणाली, सर, तुमी शिकवलं तसंच सांगतलं मी हिले, मंग मार्क काहून कापले? श्रावणी तिचा पदर ओढत होती, याडी, चाल ना. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. मी विचारलं, अनिता, तू तर तेव्हा वेगळं म्हणत होतीस? ती हसली. म्हणाली, मी कायची हुशार, मले वाटलं आपलंच चुकलं असन, सर कायले खोटं सांगतीन?

आताचे मुख्याध्यापक कानाशी म्हणाले, देऊन टाका ना एक मार्क, लोक थांबून राह्यले. खरंच, एका मार्कात सगळं मिटलं असतं. मी आत जाऊन जुनी फळी आणि खडूची डबी आणली, बल्ब लावले, शेवटचा मंद पेटला, आणि मी म्हणालो, अनिता, आता तो काढ आणि पहिल्या जागी लाव. तिने लावला. तो तिथेही मंदच पेटला. ती बुडाशी बोट लावून म्हणाली, सर, हा लाल ठिपका कायचा?

सगळे पालक बघत होते. मी उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो, तो ठिपका मी दिलेला आहे. अनिता, त्या दिवशी तू बरोबर होतीस, मी चुकलो होतो, आणि मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तुला चूक ठरू दिलं, आणि तुझ्या तांड्याचं नाव घेऊन वर्गाला हसवलं. मला माफ कर.