सासूबाईंनी तपासलेला नकाशा

माझी फजिती तुम्हाला सांगितलीच नाही ना? लढाई थांबलेल्या एका देशात लोक गावी परतत होते, पण त्या गावांचा नकाशाच नव्हता. उपग्रहाचे फोटो बघून घरं आखायला स्वयंसेवक हवे होते. मी इथे नाहूरला बसून एका रविवारी अख्खं गाव आखलं. तेहतीस घरं!

कौतुकाने सासूबाईंना दाखवलं. त्या मालवणकडच्या खेड्यात वाढलेल्या, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या. स्क्रीनला नाक टेकवून म्हणाल्या, "अगो, ही घरां नाय. गवताच्यो उडव्यो. माणसां रवतत तर दारात पायवाट नको?"

"आई, तुम्हाला नाही कळायचं," म्हणत मी काम पाठवून दिलं.

चार दिवसांनी मरियमचा निरोप आला. ही तिथली शिक्षिका, आमचं काम तपासणारी. "ताई, तुमचा नकाशा घेऊन आमची नर्स पोरांना लस द्यायला तीन तास चालत गेली. तिथे नुसत्या गवताच्या गंज्या!"

मी गुपचूप सासूबाईंना खुर्ची दिली. पायवाटांचा माग काढत त्यांनी झाडांखाली दडलेली नऊ घरं दाखवली. नर्स पुन्हा गेली. या वेळी पोरं भेटली.

आता मरियम थेट सासूबाईंनाच विचारते, मी फक्त टाइप करते. परवा तिने विचारलं, "सूनबाईंचं काम कसं चाललंय?"

सासूबाईंनी सांगितलं आणि मी निमूट टाइप केलं, "शिकता हा हळूहळू."