झिजलेली मोहोर

पार्ल्यातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात माझ्या शेजारी साठीतले बहीणभाऊ बसले होते. त्यांच्या आईची सोन्याची मोहोर दुकानदाराने भिंगाखाली धरली होती.

"मागची बाजू चांगली आहे. पण पुढे राणीचा चेहरा पार झिजलाय. दर्जा खालचाच धरावा लागेल."

"ताई, एकाच बाजूने कशी गं झिजली?"

"आईच्या गळ्यात असायची ना, नंदू. तू तिच्या मांडीवर पडून अंगठ्याने घासत राहायचास. घासता घासता झोपून जायचास."

"मी? मला काहीच आठवत नाही."

"अंगठा ठेवून बघ."

"मऊ लागतंय गं..."

"मग साहेब, विकायचं नक्की ना?"

"थांबा हो जरा. डोळे मिटलेत त्याने."